बाईसांचं न धुतलेलं हेल्मेट

जयपूरहून आल्यापासून गल्लीत जो भेटतो तो विचारतो, "काय काय बघितलंस?" हवामहल बघितला म्हटलं की माणसांचं समाधान होतं. खरं सांगायचं तर हवामहल मी चालत्या रिक्षातून बघितला, आणि तेव्हाही माझं निम्मं लक्ष मांडीवरच्या रिकाम्या लाकडी पेटीकडं होतं. मी गेलो होतो एका हेल्मेटसाठी. ज्यांना माझा नाद माहीत आहे ते पुढचं विचारतात, "मग? गावलं काय?" त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

नाद म्हणजे असा. कोल्हापुरात माझं मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर मी बरीच वर्षं मार्शल म्हणून उभा राहिलोय, म्हणजे वळणावर उभं राहून गाड्यांना झेंडे दाखवायचे आणि कुणी उलटलंच तर पळत सुटायचं. स्वतः कधी शर्यत केली नाही, पोटात गोळा येतो. पण जिंकणारा माणूस गाडीतून उतरतो, हेल्मेट काढतो आणि ओल्या केसांनी नुसता उभा राहतो, ते बघायला मला फार आवडतं. ते हेल्मेट मी मागून घेतो. पैसे द्यायची ऐपत नाही आणि तशी रीतही नाही. नुसतं मागायचं, आणि मागत राहायचं. काही जण हसतात, काही जण लगेच काढून देतात, आणि काहींचा कैक वर्षांनी आपणहून फोन येतो. अशी चॅम्पियन लोकांची हेल्मेटं माझ्या काचेच्या कपाटात ओळीनं बसली आहेत. आमची ही म्हणते, "या घरात माणसांपेक्षा डोकी जास्त झाली."

माझा नियम एकच आहे. हेल्मेट धुवायचं नाही. काचेला चिकटलेले किडे, हनुवटीच्या पट्ट्यावरचं घामाचं मीठ, ओरखड्यात बसलेली माती, तेच तर हवं असतं. धुतलेलं हेल्मेट काय, माझ्याच दुकानात मिळतं.

जयपूरजवळच्या बस्सीच्या बाईसांचं (राजपूत घराण्यातल्या बाईंना तिकडं मानानं बाईसा म्हणतात) हेल्मेट मी एका जुन्या मासिकातल्या फोटोत पहिल्यांदा बघितलं. वाळवंटातल्या रॅलीत त्या पहिल्या आल्या होत्या, भल्या भल्या गड्यांना मागं टाकून. वाळूनं माखलेल्या जिप्सी गाडीला टेकून उभ्या होत्या आणि हातात पांढरं हेल्मेट होतं, त्यावर लाल-पिवळ्या लहरियाच्या, म्हणजे तिकडच्या ओढणीवर असतात तशा नागमोडी रेघा रंगवलेल्या. त्यानंतर त्यांचं नाव कुठल्याच शर्यतीत दिसलं नाही. नंबर मिळवायला खटपट करावी लागली, पण मिळवला. मग दर दिवाळीला माझा फोन आणि दर दिवाळीला त्यांचं उत्तर, "अभी नहीं, भाईसाहब." या वर्षी घट बसले आणि त्यांचाच फोन आला. "पेटी खाली कर रही हूँ. आकर ले जाइए." मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून तिकीट काढायला पळालो.

रेल्वे कॉलनी

जयपुरात माझी धाकटी बहीण मंगल राहते. तिचे यजमान सुधाकरराव मालगाडीचे गार्ड आहेत. आता त्या पदाला दुसरं मोठं नाव दिलंय म्हणे, पण मंगल गार्डच म्हणते. बदली होऊन आले ते तिकडलेच झाले. स्टेशनवर मला बघितल्या बघितल्या मंगलनं गळा काढला, "दादा, किती वाळलास रं! मतलब, वहिनी जेवायला घालती का न्हाई?" माझा आकार बघून शेजारचा हमाल हसला.

तिची भाषा ऐकायला मजा येते. पाया कोल्हापूरचा पक्का आणि वरचा मजला जयपूरचा. भाजीवाल्याला "भैया, लूटो मत" म्हणता म्हणता माझ्याकडं वळून "मेल्याच्या तराजूत खोट हाय" म्हणते. भाची गार्गी कॉलेजात आहे, ती मराठी बोलताना एकेका शब्दाला दाराआडून डोकावून बघते. "मामा, तू थकून गेला आहे का? चाय बनवू?" मी म्हटलं, "चहा करू का, म्हण गं." तर म्हणाली, "तेच तर म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सुधाकरराव मला प्याज कचोरी खायला घेऊन गेले. नवरात्राचा उपास मंगलचा होता, आमचा नव्हता, तरी घरी बोलायचं नाही असं ठरलं. कांदाभजीचं सारण करून पुरीच्या पोटात घातलं तर जसं लागेल तशी ती कचोरी, वर आंबटगोड चटणी. दोन खाल्ल्या आणि तिसरीकडं बघत उभा राहिलो. मग जोहरी बाजारात जाऊन हेल्मेट गुंडाळायला एक लहानशी रजई घेतली, बाळाच्या मापाची. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "बेटा हुआ या बेटी?" मी म्हटलं, "हेल्मेट." त्यानं सुधाकररावांकडं बघितलं. सुधाकररावांनी मान खाली घातली.

बस्सी

आग्रा रस्त्यानं निघालो, सुधाकररावांच्या स्कूटरवर. माझ्या डोक्यात गार्गीचं गुलाबी हेल्मेट कोंबलेलं होतं. घाटातल्या बोगद्यातून बाहेर पडलं की शहर मागं राहतं आणि मोकळी शेतं लागतात. बाजरीची कापणी चालली होती. आपल्याकडं ऊस नजर अडवतो, इथं नजर जाईल तिथवर जाते आणि मध्येच एखादं खेजडीचं झाड एकटंच उभं असतं. रस्त्याच्या कडेनं मोर कोंबड्यांसारखे हिंडत होते. आम्ही दोघांनी पहिल्या मोराला "अरे मोर, मोर" केलं आणि नंतर गप्प बसलो.

बाईसांचं घर गावाच्या पुढं, शेतात. त्या दारातच उभ्या होत्या. साठी ओलांडलेली, फिक्या रंगाचा राजपुती पोशाख, डोक्यावरून ओढणी, नाकावर चष्मा. फोटोतली बाई हीच का, असं वाटेपर्यंत त्यांनी आमची स्कूटर ऐकली आणि म्हणाल्या, "क्लच प्लेट घिस गई है आपकी." सुधाकरराव म्हणाले, "जी, दोन महिने झाले." मी मनात म्हटलं, हीच ती.

आधी जेवण. पाहुण्याला जेवल्याशिवाय कामाचं बोलू देत नाहीत, ही रीत आपल्यासारखीच. गट्ट्याची म्हणजे बेसनाच्या वड्यांची भाजी, जाड रोट्या, ताक, आणि एका वाटीत लाल लसणीची चटणी. बाईसा म्हणाल्या, "थोड़ी तेज है." मी कोल्हापूरचा माणूस, मला तिखट सांगणार? चांगला घास भरून घेतला. मग डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ताकाचे तीन पेले. बाईसा ओढणीचा पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोल्हापूरचं नाव मी बस्सीत बुडवलं.

गाडी चालवायला त्यांच्या यजमानांनी शिकवलं होतं. ते फौजेत होते, आता हयात नाहीत. सुट्टीवर आले की पहाटे जीप काढायची आणि नदीच्या कोरड्या पात्रात घालायची. "वो कहते थे, रेत से लड़ो मत, उस पर बैठो," बाईसा म्हणाल्या. बोलताना त्यांचा डावा पाय क्लच दाबावा तसा जमिनीवर हळूच दाबला जात होता. घरात त्यांचे जेठ, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, ठाकूरसाहेब आहेत, ते आत बैठकीत झोपले होते, म्हणून आम्ही हळू बोलत होतो.

मग त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि स्वतः मागं सरकल्या. म्हणाल्या, "आप ही निकालिए." मी खिशातून सुती हातमोजे काढून चढवले. "डॉक्टर आ गए," त्या म्हणाल्या. एका जुन्या ओढणीत गुंडाळलेलं ते हेल्मेट मी बाहेर काढलं. लहरियाच्या रेघा तशाच होत्या. उजव्या बाजूला लांब ओरखडा. आतल्या स्पंजावर घामाचा पांढरा नकाशा आणि शिवणीशिवणीत बारीक पिवळी वाळू. आणि वास! घाम, पेट्रोल, उन्हानं तापलेलं रबर, सगळं जसंच्या तसं. इतक्या हेल्मेटांत एवढं अस्सल मी बघितलं नव्हतं.

"कभी धोया नहीं," बाईसा म्हणाल्या.

"धुणारही नाही," मी म्हटलं. "शब्द देतो. जसं आहे तसंच ठेवीन."

त्यांनी खिडकीकडं तोंड केलं आणि "ले जाइए" एवढंच म्हणाल्या. निघेपर्यंत त्यांनी त्या हेल्मेटला एकदाही हात लावला नाही. मला वाटलं, जीव जडलाय, म्हणून.

परतीच्या वाटेवर एक घोटाळा झाला. गार्गीच्या हेल्मेटनं माझं डोकं ठणकायला लागलं होतं, म्हणून ते काढून मी डिकीत टाकलं आणि बाईसांचं हेल्मेट रजईत गुंडाळून पोटाशी धरून मागं बसलो. बोगद्याच्या अलीकडं ट्रॅफिक हवालदारानं हात केला. रजई बाजूला करून बघितलं आणि म्हणाला, "हेल्मेट गोद में, और सिर नंगा?"

मी म्हटलं, "ये पहनने का नहीं है."

"तो किसका है?"

"चॅम्पियन का."

तो शांतपणे म्हणाला, "चॅम्पियन का चालान नहीं कटेगा. आपका कटेगा." आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कधी दंड भरला नाही.

खंडेनवमी

सकाळी सुधाकररावांबरोबर मी एका सुताराकडं गेलो. हेल्मेटसाठी लाकडी पेटी करून घ्यायची होती, आत कापूस, वर कडी. सुतार बोलका होता, तास गेला. येताना झेंडूची फुलं घेतली. जिना चढतानाच माझी नजर बाल्कनीत गेली. दोरीवर, गार्गीचा कुर्ता आणि सुधाकररावांचा गणवेश यांच्या मध्ये, चिमट्यांना काहीतरी लटकत होतं. हेल्मेटचे आतले स्पंज. त्यांच्यातनं पाणी ठिबकत होतं.

उरलेल्या पायऱ्या मी दोन-दोन करून चढलो. आत गेलो तर पाट मांडलेला. पाटावर मंगलचं शिवणयंत्र, विळी, सुधाकररावांचे लाल-हिरवे झेंडे आणि शिट्टी, गार्गीचा लॅपटॉप, आणि मधोमध बाईसांचं हेल्मेट. आरशासारखं लखलखीत. कपाळावर हळदीकुंकवाची बोटं आणि वर झेंडूचं फूल.

मंगल ओल्या हातांनी बाहेर आली, चेहरा खुललेला. "बघ दादा! कसला वास मारत होता रं त्याला. रिठ्यात भिजवलं, लोकरीचं भिजवत्यात तसं. काय वाळू निघाली, बाई बाई! आणि पाणी वाया न्हाई घालवलं हां, तुळशीला घातलं."

वाळवंटातली ती वाळू तुळशीला! मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुला अक्कल आहे का, इथपासून सुरुवात झाली. एवढ्या वर्षांची माझी याचना, दिलेला शब्द, सगळं बादलीत बुडवलंस, असं काहीबाही. मंगल भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "आबा खंडेनवमीला गॅरेजातलं सगळं पान्हं रॉकेलात धुवायचं का न्हाई? तू घासायचास, मी पुसायची. घाणीत बरबटलेला एक पान्हा पाटावर ठेवू द्यायचे न्हाईत. मतलब, मी काय येगळं केलं?"

आबा म्हणजे आमचे वडील, आणि ती म्हणत होती ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो. जेवलो नाही. गार्गी दोनदा येऊन गेली. "मामा, तू मम्मीशी नाराज आहे का? तिनेपण नाही खाल्लं." दुपारभर मी त्या हेल्मेटसमोर बसून होतो. नाक आत घालून वास घेतला. रिठा. नुसता रिठा. आता ते हेल्मेट आणि दुकानातलं हेल्मेट यांत फरक काय राहिला? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शब्द. कपाटात ठेवून गप्प बसलो असतो तर बाईसांना बस्सीत बसून काय कळणार होतं? पण ते माझ्याच्यानं व्हायचं नव्हतं. संध्याकाळी मी सांगून टाकलं, उद्या बस्सीला जाऊन खरं काय ते सांगणार. त्या म्हणाल्या परत द्या, तर परत देणार. म्हणाल्या चालता हो, तर चालता होणार.

"मी बी येणार," मंगल म्हणाली. "हात माझं लागलंत त्याला."

कुंकू तरी पुसून टाकावं म्हणून मी ओलं फडकं घेतलं, तर तिनं माझा हात धरला. "पुजलेलं पुसायचं न्हाई, दादा. एवढं तरी ऐक."

दसरा

सुधाकरराव मालगाडीवर गेले होते, म्हणून आम्ही बहीणभाऊ बसनं निघालो. माझ्या मांडीवर रजई, तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. अर्ध्या वाटेवर तिनं हळूच विचारलं, "रागावल्या तर लै काय म्हणतील रं?" तिचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठं गेला. ही बाई माझ्यासाठी उपाशी राहिली होती, आणि मी स्पंज धुतले म्हणून तिला अक्कल विचारली. मी म्हटलं, "म्हणू दे. आपण दोघं हाय की."

बाईसा पडवीत होत्या. मी बसलोसुद्धा नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माझ्या बहिणीनं धुतलं, चांगल्या मनानं धुतलं, पण शब्द माझा होता आणि तो मोडला. मग रजई उलगडली.

त्यांनी हेल्मेटकडं बघितलं. कपाळावरच्या हळदीकुंकवाकडं फार वेळ बघितलं. मग दोन्ही हात पुढं केले आणि ते माझ्याकडून घेतलं. आत तोंड घालून वास घेतला.

"रीठा?"

"व्हय," मंगल म्हणाली. "जी. रीठा."

"और ये?" त्यांनी कुंकवाकडं बोट केलं.

मंगलनं आपल्या तोडक्या-जोडक्या पण पक्क्या हिंदीत सांगितलं की आमच्याकडं नवमीला ज्याच्यावर माणसाचं पोट आणि अब्रू चालते ते धुऊनपुसून पाटावर मांडतात आणि त्याची पूजा करतात. कुणाचा पान्हा, कुणाची सुई, कुणाचं पुस्तक. मग हे कसं राहील?

बाईसा खाटेवर बसल्या. हेल्मेट मांडीवरच होतं. आवाज उतरवून, आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खरंच हादरलो. रॅली जिंकून त्या घरी आल्या तेव्हा यजमान सरहद्दीवर होते. घरात कुणी रागावलं नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त एका म्हाताऱ्या दासीकरवी निरोप आला, जेठांचा, की आता बस झालं. त्यांनी त्याच अंगानं, तसंच घामट हेल्मेट पेटीत टाकलं आणि कडी लावली. पुन्हा बघितलं नाही. "आप समझते रहे मैंने सँभाल के रखा है," त्या मला म्हणाल्या. "मैं तो रूठी हुई थी, भाईसाहब. बस इतनी सी बात." मी इतकी वर्षं त्या वाळूला विजयाची वाळू समजत होतो. म्हणजे चूक नव्हती, पण अर्धीच गोष्ट होती.

त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत होत्या आणि हेल्मेट खाली ठेवत नव्हत्या. मला काय ते कळलं. मी म्हटलं, "बाईसा, ठेवून घ्या."

त्या एकदम ताठ बसल्या. "दी हुई चीज हमारे यहाँ वापस नहीं लेते." आणि त्यांनी हेल्मेट माझ्यापुढं धरलं. हात पुढं होता, पण बोटं सुटत नव्हती. मी घ्यावं की न घ्यावं? खोटं कशाला बोलू, हवंहवंसं वाटत होतं. धुतलेलं का असेना, ते त्यांचं हेल्मेट होतं, आणि माझ्या कपाटातली त्याची जागा मी घरून निघतानाच पुसून ठेवली होती. मी घेतलं.

आतून थकलेला आवाज आला, "मेहमानों को अंदर लाया जाए." ठाकूरसाहेब जागे होते. बैठकीत गेलो तर पांढऱ्या चादरीवर शस्त्रं मांडलेली. तलवारी, एक कट्यार, जुनी बंदूक, सगळी तेल लावून चकाकत होती. खुर्चीत ठाकूरसाहेब, नव्वदीचे असावेत, हातात काठी, मिशा मात्र अजून ताठ. दसऱ्याला इकडंही शस्त्रपूजा होते हे मला ठाऊक होतं, पण यापुढं आपले पाटावरचे विळी-पान्हे आठवून मला जरा दबायलाच झालं.

ते माझ्याकडं बघून म्हणाले, "इनसे कहिए, मेहमानों को मिठाई दें." इनसे म्हणजे बाईसांना. त्या तर दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, ओढणी पुढं ओढून. मी खुळ्यासारखा त्यांच्याकडं वळलो आणि म्हणालो, "ते म्हणतायत मिठाई द्या." मंगलनं मला चिमटा काढला आणि कानात सांगितलं, या घराण्यांतून जेठ धाकट्या भावाच्या बायकोशी, म्हणजे घरच्या बीनणीशी, थेट बोलत नाही, ती त्याच्याशी बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून असंच. आपल्याकडं मोठे दीर भावजयीच्या हातच्या आमटीला नावं ठेवत चार वाट्या पितात, आणि इथं एका छपराखाली जन्म गेला आणि एक शब्द नाही!

बाईसांनी मिठाई दिली. मंगलनं पिशवीतून पानं काढली. आपट्याची जयपुरात मिळत नाहीत, ती खेजडीची घेऊन आली होती, म्हणजे आपली शमीच. तिनं ठाकूरसाहेबांच्या हातात पानं ठेवून नमस्कार केला, मग बाईसांना दिली, आणि सांगितलं, हे आमचं सोनं. आमच्याकडं आज एकमेकांना सोनं देतात, आणि सोनं कुणी नाही म्हणत नाही. मग उरलेली पानं तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दादा, तू बी दे की सोनं."

ती पानांबद्दलच बोलत होती का, मला अजून माहीत नाही. विचारलंही नाही. मी ती पानं हेल्मेटवर ठेवली, कुंकवाच्या शेजारी, आणि हेल्मेट बाईसांपुढं धरलं.

"परत करत नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला दिलं, ते माझं झालं. आता माझं सोनं मी तुम्हाला देतोय. दसऱ्याचं आहे, नाही म्हणायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते, तरी मान ताठ होती. दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. मग त्या शस्त्रांच्या चादरीकडं वळल्या आणि तिथंच थबकल्या. एक पाऊल पुढं टाकायचं होतं, पण चादरीवर जागा नव्हती, आणि जागा करायचा अधिकार त्यांचा नव्हता. मंगलनं माझी बाही घट्ट धरली होती.

ठाकूरसाहेब त्या हेल्मेटकडं बघत राहिले. ओळखलं असावं, कारण त्यांची मान एकदा हलली. मग काठी खुर्चीला टेकवून ते वाकले, सावकाश, धापा टाकत, आणि मधली तलवार दोन्ही हातांनी उचलून कडेला ठेवली. चादरीवर मधोमध जागा झाली. आता मला काहीतरी निरोप सांगायला लावतील म्हणून मी पुढं सरकलो. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"बीनणी," ते म्हणाले, "इसका मुँह किधर रहेगा?"

बाईसांचे पहिल्यांदा नुसते ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला.

"दरवाजे की तरफ."